सुरीच्या मुठीला म्हशीचं शिंग किंवा हाड: कुठनं आणायचं, कसं वाळवायचं?

उद्यमनगरचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहायलोय पहिल्यांदाच. कोल्हापूरचा आहे, उद्यमनगरात एका वर्कशॉपात लेथवर असतो. ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातनं आईसाठी भाजीची सुरी केली, पातं साडेसहा इंच, फुल टँग (म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत, दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवायच्या), हार्डनिंग ओळखीच्या माणसाकडं करून घेतलं आणि धार अशी लागलीय की आई टोमॅटो चिरताना हळू म्हणून ओरडत्या. घोडं अडलंय ते मुठीवर. शिसवीची दोन दिवसांत झाली असती पण डोक्यात किडा शिरलाय की शिंगाची नाहीतर हाडाचीच करायची.

आतापर्यंतचे उद्योग सांगतो, हसायचं असेल तर हसा. घरात पांढरा रस्सा झाला त्या दिवशी मटणाच्या नळ्या बाजूला काढल्या, धुतल्या, वाळवल्या, पट्ट्या कापून चिकटवल्या. ड्रिल लावल्या लावल्या खडूसारखा भुगा. जे दोन तुकडे टिकले त्यांच्यावर आठ दिवसांत पिवळे डाग आले आणि खवट वास सुटला, आईनं ते सरळ कचरागाडीत टाकले. मग ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं 'अस्सल शिंग' म्हणून पट्ट्यांची जोडी मागवली, ती चकचकीत काळी, पण ग्राइंडरला लावली तर पीव्हीसी पाइप जाळल्यासारखा वास. पैसे गेले ते गेलेच.

आता तिसरं. आजोळी राधानगरीकडं माळ्यावर खरं सांबराचं शिंग पडून आहे, पणजोबांच्या वेळचं. मामा म्हणतोय घेऊन जा, धूळच खातंय. ते कापलं तर चालेल का? आणि नसेल चालत तर म्हशीचं शिंग कोल्हापुरात सरळ मार्गानं कुठं मिळेल, आणल्यावर त्याचं काय काय करायचं, हे जरा बैजवार सांगा. घाई नाही. म्हणजे आहे, दिवाळीच्या आत झालं तर बरं.

दाजीपूर_रोड
भावा सांबराच्या शिंगाला हात लावू नको. आधी हे वाच आणि मग बाकीचं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात शिंग, हाड, नखं, दात सगळंच येतं. जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी ते सरकारचं, सापडलं त्याचं नाही. लोकांना वाटतं प्राणी मारला नाही म्हणजे गुन्हा नाही, तसं नसतं. जुन्या वस्तूंसाठी २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, ज्यांच्याकडं असल्या चिजा होत्या त्यांनी जाहीर करा म्हणून. तुझ्या आजोळी कुणी केलं असेल तर मालकीचा दाखला असेल, तो शोधायला सांग. नसेल तर मामानं वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारावं, आणि हे त्याच्याच हिताचं आहे. कापून मूठ करायची, विकायची, कुणाला भेट द्यायची, त्याचा फोटो टाकायचा, यातलं काहीही करू नको. आणि गव्याचं शिंग म्हणून कोण काय द्यायला लागलं तर तिथनं उठून ये. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ साली गव्यासाठीच झालं, आपल्याच जिल्ह्यात राहून हे सांगायला लागू नये.

आमच्या आजीच्या बटव्यात पण सांबरशिंगाचा तुकडा होता, छातीत दुखलं की सहाणेवर उगाळून लावायची. घराघरात होता. म्हणूनच कुणाला त्यात काय वावगं वाटत नाही.

पट्टीचा_मूठवाला
वरच्यांशी सहमत. आता कामाचं बोलतो, जरा लांबेल.

पहिलं डोक्यात घे की शिंग आणि हाड या दोन वेगळ्या जाती आहेत. शिंग म्हणजे केराटीन, आपल्या नखाचा सख्खा भाऊ. म्हशीच्या कवटीतनं हाडाचा खुंट बाहेर येतो आणि त्याच्यावर शिंगाचं कवच टोपीसारखं बसलेलं असतं, बुडाला पोकळ आणि टोकाकडं भरीव. सांबराचं जे असतं त्याला आपण शिंग म्हणतो खरं, पण ते हाडच, दरवर्षी गळतं आणि नवीन येतं. त्यामुळं शिंग गरम केलं की मऊ पडतं, वाकतं, दाबलं तर सपाट होतं. हाड तापवून तसलं काही होत नाही, ते फक्त बिघडतं.

तुझ्या नळीचं काय झालं सांगतो. पांढऱ्या रश्श्याला जो चिकटपणा येतो, गार झाल्यावर थरथरतो, तो हाडातल्या कोलॅजनचा. म्हणजे हाडाला चिवट ठेवणारा जो भाग तोच तुम्ही वाटीतनं पिऊन टाकला आणि मागं राहिला तो चुना. त्याची मूठ कशी होणार. आणि उकळताना चरबी हाडाच्या छिद्रांत आत जाऊन बसली, ती नंतर पिवळी होऊन बाहेर आली. रस्सा मात्र झकास झाला असणार.

हाडच पाहिजे असेल तर शेळीमेंढीचं नको, भिंत पातळ असते. म्हशीच्या पायाची नळी घे, कच्ची, गुडघ्याखालची, तिथं भिंत जाड आणि घट्ट असते. दोन्हीकडची बोंडं करवतीनं उडव, आतला मगज तारेनं काढ, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड घालून ठेवून दे. उकळायचं नाही. दोन तीन दिवसांनी पाणी बदल, वर पांढरट साय येते ती चरबी, साय यायची थांबेपर्यंत बदलत राहा, दोन तीन आठवडे धरून चाल. मग पांढरं करायला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, झाकण घट्ट लावू नको, गॅस होतो. कपड्याचं ब्लीच अजिबात नको, त्यानं हाड आतनं खातं आणि परत खडू.

आता शिंग. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल, वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हैस त्यात नाही. त्यामुळं शिंग म्हशीचंच घे आणि परवाना असलेल्या ठिकाणचंच घे, बिल मागून घे. शिंगाचा व्यापार किलोवर चालतो, एका माणसाला दोन शिंगं द्यायला व्यापारी कंटाळतो, पण चहा पाजला की देतो. दुसरा मार्ग म्हणजे उत्तर प्रदेशातलं संभल, तिथं शिंगाचं आणि हाडाचं काम पिढ्यानपिढ्या चालतं, तयार पट्ट्या कापून पाठवतात. पहिल्या वेळेला तेच कर असं माझं मत आहे. आल्या आल्या सुईचं टोक लाल करून आतल्या बाजूला टेकव, जळक्या केसाचा वास आला तर शिंग, नाहीतर परत पाठव.

जात बघून घे. मुऱ्हा म्हशीचं घेतलंस तर जिलबी सरळ करत बसशील. आपल्याकडची पंढरपुरी असते ना, खांद्याच्या मागं तलवारीसारखी शिंगं गेलेली, ते सोनं आहे. लांब, कमी बाक, आणि टोकाला भरीव भाग चांगला मिळतो.

ताजं शिंग असेल तर आतला खुंट काढायला लागतो. बादलीत पाण्यात बुडवून दोन तीन आठवडे ठेवलं की आतलं सुटतं, मग दगडावर आपटलं की खुंट गळून पडतो. बादली घराजवळ ठेवायची नाही. मी गच्चीवर ठेवली होती तेव्हा शेजारच्या काकूंनी आमच्या टाकीत कावळा मेलाय म्हणून नगरसेवकाला फोन लावला होता.

मग पोकळ भाग लांबीत चिरायचा, उकळत्या पाण्यात अर्धा पाऊण तास, सांडशीनं वाकवून बघायचं, चामड्यासारखं लवलं की लोखंडाच्या दोन पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये आवळायचं. एका दमात नाही, एक आटा (व्हाइसच्या दांड्याचा एक फेरा) मग थांब, परत गरम पाणी, परत एक आटा. घाई केलीस तर कडेनं चीर जाते आणि ती चीर पॉलिशनंतर दिसते, आधी नाही. रात्रभर तसंच गार होऊ दे. शिंगाला आठवण असते, परत तापलं की ते जुन्या बाकाकडं जायला बघतं, म्हणून नंतर ग्राइंडरवर पण तापू द्यायचं नाही, वास आला की हात मागं.

आणि वाळवणं. इथंच सगळे मार खातात. पट्ट्या सावलीत, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशा ठेव आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर चार दिवसांनी वजन कर. वजन उतरत असेल तोवर त्यातनं पाणी जातंय, तोवर भोक पाडायचं नाही. उन्हात ठेवलंस तर भाकरीच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात.

भोगावती_काठ
एवढं सगळं कशाला करताय राव. आमच्याकडं कोयत्याची शेपटी लालबुंद करायची आणि मुठीत घुसवायची, जळत जळत आपोआप जागा करते, जन्मात निघत नाही. जुन्या तलवारींच्या मुठी लाखेवर बसवलेल्या असायच्या, त्यांना कुठं होतं अराल्डाइट. शिंगाच्या भरीव टोकात शेपटी तापवून घाला, वरनं लाख ओता, काम फत्ते.

पट्टीचा_मूठवाला
@भोगावती_काठ लाकडात चालतं, शिंगात नाही. मी करून बसलोय. शिंग जळलं की भोकाच्या भिंतीचा थर ठिसूळ होतो, दोन महिन्यांत मूठ खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. आणि तो वास, घरात पाच माणसांचे केस जाळल्यासारखा. लाखेबद्दल तुमचं बरोबर आहे, तलवारीला लाखच असायची, पण ती मूठ लोखंडाची होती आणि तलवार कुणी सिंकमध्ये घासत नव्हतं. भरीव टोकात बसवायचंच असेल तर ड्रिलनं भोक, कानशीनं चौकोनी, मग चिकटवा. ह्या गड्याची सुरी फुल टँग आहे त्यामुळं त्याला दोन पट्ट्याच लागणार.

भोगावती_काठ
बरं बाबा. आमचे म्हातारे चुकले म्हणायचे. पॉलिशला मात्र त्यांचंच ऐका, कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि खोबरेल, फडक्यानं घासत बसायचं. आरशासारखं होतं. माझ्याकडं आजोबांची शिंगाची फणी अजून आहे, केस राहिले नाहीत तो भाग वेगळा.

गुरांचा_डॉक्टर_सांगली
सगळ्यांनी काम छान सांगितलं पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. जनावर कशानं मेलं हे माहीत नसेल तर त्याचं शिंग, हाड, कातडं काहीही घेऊ नका. फाशी नावाचा रोग आहे, माणसाला झाला की काळपुळी म्हणतात, इंग्रजीत अँथ्रॅक्स. धडधाकट जनावर अचानक मरतं, नाकातनं, गुदद्वारातनं न गोठणारं काळं रक्त येतं. असं जनावर फाडायचं सुद्धा नसतं. त्याचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात, शिंग वाळलं म्हणून मरत नाहीत. हाताला साधं कापलेलं असलं तरी तिथनं शिरतात, आणि घासताना उडालेली धूळ छातीत गेली तर प्रकरण फार गंभीर. पूर्वी लोकर, कातडी, हाडं यांच्या कारखान्यांत कामगारांना हा रोग व्हायचा तो असाच.

म्हणून गावात कुणाची म्हैस मेली आणि फुकट शिंग मिळतंय म्हणून पळत जाऊ नका. तपासून कापलेल्या जनावराचं घ्या. तरी धूळ ती धूळच, चांगला एन ९५ मास्क लावा, रुमाल बांधून काही होत नाही, आणि शक्य तेवढं पाण्यानं ओलं करून घासा.

गवळी_गल्लीतला
डॉक्टर बरोबर बोलले, आमच्या चुलत्यांनी असलं जनावर बघितलंय, खड्डा काढून चुना टाकून पुरलं होतं, कावळा पण बसू दिला नाही.

बाकी शिंगाच्या मुठीचा माझा अनुभव सांगतो, उत्साह कमी करायचा नाही पण कळू दे. माझ्याकडं वडिलांच्या वेळची शिंगाची मूठ असलेली सुरी होती, काळीभोर, मध्ये एक मधाच्या रंगाची रेघ, उजेडात धरली की ती रेघ पेटल्यासारखी दिसायची. २०१९ च्या महापुरात आमचं घर पाण्यात होतं, आम्ही फक्त जनावरं सोडवून बाहेर पडलो. परत आल्यावर चिखलात सुरी सापडली. पात्याला गंज, तो निघाला असता. पण मूठ फुगून पट्ट्या दोन्हीकडं फाकल्या होत्या, पितळेच्या पिना शिंगातनं ओढल्या जाऊन भोकं लांबट झाली होती. वाळल्यावर आक्रसली पण जागेवर काही बसली नाही, मधल्या फटीत नखभर माती. अजून ठेवल्या आहेत त्या पट्ट्या. तेव्हा आईला सांगून ठेव की सुरी भांड्यांच्या ढिगात रात्रभर भिजत टाकायची नाही.

आणि अजून एक, कच्च्या शिंगाला कसर लागते. अळ्या आतनं भोकं पाडतात. ठेवशील तिथं डांबरगोळ्या टाक.

पट्टीचा_मूठवाला
मस्त सांगितलंस. पिनांवरनं आठवलं, @लेथवाला, ४ मिलिमीटरची पितळी सळई घेणार असशील तर भोक जरासं सैल ठेव, ४.१ चं, आणि टोकं हातोडीनं फुलवू नको. लाकूड दाब सोसतं, शिंग हाड सोसत नाही, तिथनंच तडा जातो. आतली बाजू ६० नंबरच्या पेपरनं खरबरीत कर, ॲसिटोननं पूस, पाच मिनिटांत सुकणारं नको, सावकाश सुकणारं अराल्डाइट वापर. क्लॅम्प इतका आवळू नको की सगळा गोंद बाहेर येईल. पातं आणि शिंगाच्या मध्ये पातळ हायलमची (कडक प्लॅस्टिकसारख्या शीटची) पट्टी घातलीस तर अजून बरं, शिंग थोडं हललं तरी ती सांभाळून घेते. पट्टी सुरुवातीला ७ मिलिमीटर ठेव, घासून शेवटी ५ वर ये. शेवटचं पॉलिश गाडीच्या पेंटरकडं असतो तो वॉटर पेपर, ४०० पासून १२०० पर्यंत, मग तुमच्या उद्यमनगरात बफवाल्यांना काय तोटा.

रंकाळा_कट्टा
नुसता वाचक आहे, एक शंका. असली सुरी घेऊन फिरलं तर पोलीस धरतात का?

दाजीपूर_रोड
घरात भाजी चिरायला काही अडचण नाही. शस्त्रांच्या नियमात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा विषय आहे, त्यातही घरकाम आणि शेतीची हत्यारं वेगळी धरलीत. पण खिशात घालून रंकाळ्यावर मिरवायला लागलास तर त्यात कुणी मूठ शिंगाची आहे का बघणार नाही.

उद्यमनगरचा_लेथवाला
सगळ्यांचे लय आभार. दिवाळी झाली, सुरी झाली नाही, पण काय काय झालं ते सांगतो.

मामाला वनखात्यात पाठवलं. आधी चिडला, मग गेला. कागद शोधायला सांगितलेत, शिंग तिथंच माळ्यावर आहे, मी परत त्याचं नाव काढलं नाही.

संभलहून एक जोडी मागवली आणि शिवाय पंढरपुरीचं एक शिंग बिल घेऊन आणलं, कारण मला ते सपाट करून बघायचंच होतं. पहिली पट्टी फोडली. मूठवाले दादा म्हणाले होते एक आटा आणि थांब, मी दोन आटे दिले, टिक्क असा बारीक आवाज आला आणि बुडाकडनं केसाएवढी चीर. बघायला काही नाही, नखानं चाचपली तर लागते. दुसरी दोन दिवस लावून केली, तीन वेळा उकळली, ती मात्र सपाट निघाली. चिरलेल्या बाजूनं बघितलं तर आत काळं नाहीच, करडा, तपकिरी, मध्ये पांढुरकी रेघ, वर्कशॉपातली पोरं पण हातातलं काम सोडून बघायला आली. मालक पण आले, ते वास कसला आहे विचारायला.

पाडव्याला म्हशी पळवायला काढतात ते बघायला गेलो होतो. लोक मोरपिसं, रंग, घुंगरं बघत होते आणि मी आपला प्रत्येक म्हशीच्या शिंगाचा भरीव भाग कुठनं सुरू होत असेल त्याचा हिशेब करत होतो. एका मालकानं विचारलं काय बघायलाईस एवढं, म्हटलं शिंगं चांगली आहेत. तो खूश, मी गप.

आता पट्ट्या कपाटावर आहेत, डांबरगोळीसकट. आईचा काटा रोज वापरतो म्हणून ती वैतागल्या. जोडीचं वजन सुरुवातीला २१२ ग्रॅम, मग २०१, १९४, गेल्या आठवड्यात १८८. परवा १८६ भरलं, आज सकाळी पण १८६. मूठवाले दादा, भोक पाडू का अजून चार दिवस थांबू?

पट्टीचा_मूठवाला
चार दिवस थांब.